भालूच्या कागदावरच्या तीन सह्या

भालू गेल्याची बातमी मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. ज्या ग्रुपमधून नऊ वर्षांपूर्वी त्याला काढून टाकलं होतं, त्याच ग्रुपवर. सकाळचे साडेदहा झाले होते, मी दुकानात जरा कमी पिकलेली केळी शोधत उभा होतो आणि खिशातला फोन थरथरायचा थांबेना. ‘भालूकाकांचं आज सकाळी हार्ट अटॅकने दुःखद निधन. ॐ शांती.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. एकाने गडबडीत वाढदिवसाचा केक टाकला आणि मागोमाग ‘सॉरी, राँग ग्रुप’ असंही लिहिलं. मी केळी जागेवर ठेवली आणि गाडीत येऊन बसलो... भालू असता तर म्हणाला असता, आधी केळी घेऊन ये, मी काही कुठं पळून जात नाही.

तिसऱ्या दिवशी मंडळाचा अधिकृत शोकसंदेश आला. ‘आपल्या समाजातील एका अडचणीत सापडलेल्या भगिनीच्या मुक्ततेसाठी भालूकाकांच्या मार्गदर्शनाखाली आपण सर्वांनी एकजुटीने जो लढा दिला, तो ओहायोतील मराठी माणसाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल.’ खाली ‘विशेष सहकार्य’ म्हणून नऊ नावं होती आणि त्यात माझंही होतं. मी संदेश दोनदा वाचला. त्या नऊ जणांपैकी आठ जणांनी भालूच्या तोंडावर दार लावलं होतं, आणि नववा, म्हणजे मी, बाहेर गाडीत बसलो होतो. हा लेख लिहायचं कारण एवढंच. दुःख आहेच, पण दुःख मी घरात बसूनही केलं असतं.

आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराच्या कडेला डब्लिन नावाच्या उपनगरात राहतो. नीटनेटकं गाव, कापलेली हिरवळ, प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या आणि देवघरात एक गणपती. भालू सांगलीचा, मी नागपूरचा. चौतीस वर्षांची ओळख. तो राज्याच्या रस्ते खात्यात पूल तपासायचा. हातात छोटा हातोडा घेऊन काँक्रीटवर टकटक करत फिरायचं आणि आवाज पोकळ आला की तिथं खडूने गोल काढायचा, हे त्याचं तीस वर्षांचं काम. माणसांशी बोलतानाही मध्येच एक टोला हाणून आवाज कसा येतो ते तो बघायचा. कोणाकडे जेवायला गेला की ‘श्रीखंड डब्यातलं आहे का हो?’ हे यजमानीणबाईंना सगळ्यांसमोर विचारायचा. आरतीला सगळ्यात मोठ्याने आणि सगळ्यात बेसूर तोच. शोकसभेत तिघांनी त्याला अजातशत्रू म्हटलं. भालूला! ज्याचे प्रत्येक कॉलनीत किमान दोन शत्रू होते, आणि ते त्याने स्वतः मेहनतीने मिळवले होते.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांतच सुधावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला फोन केला. ‘भाऊजी, यांना कुठंतरी पाठवा हो. सकाळपासून किचनमध्ये उभे राहून मला गॅस कसा लावायचा ते शिकवतात.’ मग त्यांनीच कुठल्याशा स्थानिक पेपरात जाहिरात शोधून काढली. इथून तासाभरावरच्या एका लहान गावात दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं एक विटांचं घर जपून ठेवलंय, तिथं लोकांना माहिती सांगायला स्वयंसेवक हवे होते. त्या घरात कातडी कमावणारा एक गोरा माणूस आणि त्याची बायको राहायची. दक्षिणेतून पळालेले गुलाम ओहायो नदी ओलांडून कॅनडाच्या दिशेने निघाले की वाटेत या घरी थांबायचे. भालू पहिल्यांदा गेला तो तिथं कॉफी फुकट मिळते म्हणून. सहा महिन्यांत त्याने त्या विषयावरची लायब्ररीतली सगळी पुस्तकं वाचून काढली, आणि त्याला एक नवाच छंद लागला. लोकांची निराशा करण्याचा.

तिथं येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारायचा तो पळालेल्यांना लपवलं त्या भुयाराचा. भुयार कुठंय? भालू सांगायचा, ‘देअर इज नो टनेल.’ मग जिन्याखालचा दरवाजा उघडून दाखवायचा. आत बटाटे ठेवायची खोली. लोकांचे चेहरे पडायचे. मग तो त्यांना जेवणघरात न्यायचा आणि म्हणायचा, ‘ते लोक पुढच्या दाराने आले आणि घरच्या माणसांबरोबर या टेबलावर बसून जेवले. पळालेल्या माणसाला थारा देणं कायद्यानं गुन्हा होता. पण शेजारी चिडले ते यांनी त्याला शेजारी बसवून वाढलं म्हणून.’ टेबल अगदी साधं होतं, पाइनच्या लाकडाचं, एका पायाखाली पाचर घातलेली. कोणी त्याचा फोटोसुद्धा काढायचं नाही.

गुलामगिरी संपवायची चळवळ मोठ्या मनाच्या पुढाऱ्यांनी उभी केली, या म्हणण्याचा त्याला विलक्षण राग होता. त्याची सगळी हकिकत पळणाऱ्यांपासून सुरू व्हायची. आधी ते पळाले. धरले गेले, चाबूक खाल्ले, पुन्हा पळाले. जे पार झाले त्यांनी उत्तरेत येऊन सभांमध्ये उभं राहून अंगावरचे वळ दाखवले, लिहायला शिकले आणि लिहिलं. ते नसते तर बाकीच्यांना काही सुचलंच नसतं. दुसरीकडे क्वेकर नावाच्या एका साध्या पंथातल्या काही चिवट लोकांनी जग सुधारायच्या आधी आपल्याच लोकांची दारं वाजवायला घेतली. तुमच्याकडे गुलाम आहेत, सोडा. दोन पिढ्या ही किरकिर चालली, तेव्हा कुठं त्यांच्या पंथाचं घर साफ झालं. मग छापखाने आले, आणि कागद घेऊन दारोदार हिंडणाऱ्या बायका आल्या. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण अर्ज करायचा अधिकार होता, म्हणून त्या सह्या गोळा करायच्या. गुलामांच्या हातची साखर नको म्हणून कित्येक घरांत बेचव केक खाल्ले गेले, सुती कापड वर्ज्य झालं. त्यांची टिंगल व्हायची, सभांवर अंडी पडायची. अर्ज इतके आले की वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधिगृहाने ते न वाचताच बाजूला ठेवायचा नियम केला. इथं भालू थांबायचा, बोट वर करायचा. कारण ज्यांना गुलामांचं काही पडलं नव्हतं तेही या नियमाने बिथरले, की आता साधा अर्जही करायचा नाही का? पुढे कायदा आला की पळालेल्याला पकडायला सांगितलं तर प्रत्येकाने मदत करायची. झालं, लांबचं पाप एकदम उत्तरेतल्या सज्जनांच्या ओट्यावर येऊन उभं राहिलं. मग उत्तर आणि दक्षिणेत युद्ध. हजारो काळे पुरुष गणवेश चढवून स्वतःच्या सुटकेसाठी लढले, आणि शेवटी गुलामगिरी बंद करणारी दुरुस्ती राज्यघटनेत झाली. ‘तीही पुरती नाही,’ भालू म्हणायचा, ‘कैद्यांना राबवायची फट ठेवलीच आहे.’

पण त्याचा खरा आवडता भाग पुढचा. चांगली माणसं. गुलामगिरी वाईट असं त्या काळी गावातल्या कित्येक चांगल्या माणसांचं मत होतं म्हणे. वाईटच, पण ही काय पद्धत झाली? योग्य वेळ यावी लागते. शिवाय तो त्यांच्या घरचा मामला. त्या कातडीवाल्याला त्याच्या चर्चने बाहेर काढलं होतं, सलोखा बिघडवतो म्हणून. आणि युद्ध संपून एक पिढी जाते न जाते तोच आसपासच्या प्रत्येक घरात भुयार निघायला लागलं! ज्याच्या त्याच्या आजोबांनी कोणाला तरी लपवलं होतं. भालू चष्मा कपाळावर चढवून विचारायचा, ‘एवढी माणसं इथं लपवली असती, तर तिकडे कापूस वेचायला उरलं कोण असतं?’ लोक कसनुसं हसायचे. मी त्याच्याबरोबर चार-पाचदा गेलो होतो आणि दर वेळी मनापासून हसलो होतो.

आता त्या भगिनीबद्दल. आमच्या मंडळात एक मोठे सर्जन होते. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. ‘घाबरून नव्हे’ असं लिहिणार होतो, पण भालूवरच्या लेखात खोटं नको. घाबरूनच. त्यांना जुळी मुलं झाली तेव्हा त्यांनी हिंगोलीकडच्या एका खेड्यातून पन्नाशीच्या एका बाईंना पाहुण्या म्हणून आणलं. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. ही आपली जुनी रीत. घरात राबणाऱ्या बाईला मावशी म्हटलं की मग पुढचं काही विचारायची गरज उरत नाही. मुलं त्याच सांभाळायच्या, स्वयंपाक त्याच करायच्या, आणि मंडळाच्या गणपतीला तीनशे उकडीचे मोदकही त्याच. ‘मावशींच्या हाताला काय चव आहे!’ असं आम्ही बोटं चाटत म्हणायचो. दोन वर्षं मी त्यांच्या हातचं खाल्लं. त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही हेही माझ्या कधी लक्षात आलं नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या गणपतीत भालू तूप मागायला आत किचनमध्ये गेला आणि पंधरा मिनिटं बाहेर आला नाही. परतताना गाडी मी चालवत होतो, कारण त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तो म्हणाला, ‘मी नाव विचारलं रे नुसतं. नाव सांगायच्या आधी त्यांनी दाराकडे बघितलं.’ मग एकेक सांगितलं. पासपोर्ट विमानतळावरच डॉक्टरांनी घेतला तो त्यांच्या कपाटात. घरी फोन महिन्यातून एकदा, तोही बाईसाहेब शेजारी उभ्या असताना. एकटीने बाहेर पाऊल नाही. परत जाते म्हटलं की ‘पुढच्या वर्षी’. मुलीला मुलगी झाली होती, ती चालायला लागली तरी आजीने पाहिली नव्हती. पोलिसांचं नाव काढताच त्या घाबरल्या; त्यांना कोणीतरी भरवून दिलं होतं की आधी आत टाकतील ते त्यांनाच. त्यांना बाकी काही नको होतं, आपला पासपोर्ट आपल्या हातात हवा होता.

मी म्हणालो, ‘भालू, आपल्याला फुल पिक्चर माहीत नाही.’

‘तू मोदक किती खाल्लेस ते माहीत आहे ना?’ तो म्हणाला. मी सात खाल्ले होते.

पुढच्या रविवारी त्याने कागद तयार केला. स्वतःच्या वळणदार अक्षरात, मराठीत, एकच वाक्य: श्रीमती इंदूबाई भगवान वाघ यांचा पासपोर्ट आपण त्यांच्या हाती आमच्या समक्ष द्यावा, असं आम्ही खाली सही करणारे आपल्याला सांगत आहोत. ‘विनंती’ हा शब्द त्याने मुद्दाम टाळला होता. मी विचारलं, हे कागदाचं खूळ कशाला? तर म्हणाला, ‘आधी आपल्याच लोकांची दारं वाजवायची. ती पद्धत आहे.’ खाली त्याची सही आणि सुधावहिनींची सही. बाकी पान मोकळं. ‘चल, ड्राइव्ह कर,’ तो म्हणाला, आणि मी केली.

अकरा दारं झाली. मी प्रत्येक वेळी गाडीतच बसलो, एसी लावून. भालू परत आला की आत काय झालं ते नक्कल करून सांगायचा. पहिल्या घरचे गृहस्थ म्हणाले, ‘काका, तुमचा पॉइंट व्हॅलिड आहे, पण अप्रोच राँग आहे.’ दुसरीकडच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, त्या फॅमिलीसारख्याच आहेत. मुलांना किती लळा आहे त्यांचा!’ त्यावर भालू म्हणाला, ‘फॅमिली आहे तर पंगतीत कुठं बसते?’ तिथून त्याला पाणीही न देता वाटेला लावलं. एक तरुण होता, त्याने हात जोडले, ‘माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे यार काका, मला यात नका ओढू.’ त्या एकट्यावर भालू चिडला नाही. एका निवृत्त प्राध्यापकांनी चिवडा पुढे करून अर्धा तास समजावलं की पाश्चात्त्यांची गुलामगिरी वेगळी आणि आपल्याकडचा घरोबा वेगळा. चिवडा चांगला होता, एवढं भालूने मान्य केलं. एकाने दारामागूनच ‘अंघोळीला गेलेत’ असं स्वतःच्याच आवाजात सांगितलं. हे सगळे कॉर्पोरेटमध्ये मोठमोठ्या हुद्द्यांवर असलेले लोक, दर मीटिंगमध्ये ‘व्हॅल्यूज’ची स्लाइड दाखवणारे. पासपोर्ट कपाटात ठेवणं चूक आहे, हे लिहायला एकाचंही पेन चाललं नाही.

आठव्या घरी बाहेरपर्यंत आवाज आले. त्या घरची रिया कॉलेजातून सुट्टीला आली होती, वीस वर्षांची. ‘बाबा, शी कान्ट लीव्ह द हाउस. दॅट्स लिटरली द डेफिनिशन!’ मग वडिलांचा आवाज, ‘रिया, गो इनसाइड. तुला काही कळत नाही.’ पुढच्या क्षणी ती अनवाणीच बाहेर आली, माझ्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिने सही केली आणि पेन काचेतून माझ्यापुढे धरलं. ‘काका, तुम्ही?’

मी म्हणालो, ‘माझं नंतर. मी ड्रायव्हर आहे ना आज.’

ती हसली नाही. भालू गाडीत बसला, त्याने पट्टा लावला आणि ‘पुढचं दार’ एवढंच म्हणाला. मी सही का केली नाही, त्याचं कारण इतकं फालतू आहे की लिहायला लाज वाटते. पुढच्या महिन्यात मंडळाची निवडणूक होती आणि मला अध्यक्ष व्हायचं होतं. डॉक्टर मंडळाचे मोठे आश्रयदाते. जगात लोकांनी राज्यांसाठी इमान विकलं आहे. मी दिवाळीच्या कार्यक्रमात समई लावायच्या मानासाठी विकलं.

तीन सह्यांचा कागद घेऊन भालू डॉक्टरांकडे गेला, एकटा. डॉक्टरांनी तो वाचला, हसले, घडी घालून खिशात ठेवला आणि चहा मागवला. चहा घेऊन इंदूबाईच आल्या. भालू त्यांच्याकडे वळून डॉक्टरांसमक्ष मोठ्याने म्हणाला, ‘इंदूबाई, इथून बाहेर पडून डावीकडे सरळ गेलं की वीस मिनिटांवर लायब्ररी आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते दोन मी तिथं बसलेला असतो.’ त्या कप ठेवून आत गेल्या. भालू चहा न घेता निघाला.

नोव्हेंबरात मंडळाने त्याचं सदस्यत्व रद्द केलं. ‘संस्थेच्या सलोख्याला बाधा आणल्याबद्दल.’ सुधावहिनींना हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. भालूला गेलेल्या त्या पत्रावर मात्र सही आहे माझी, अध्यक्ष या नात्याने, शाई न सांडता केलेली. पत्र मिळाल्यावर भालूचा फोन आला. म्हणाला, ‘शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. बाकी ठीक.’ आणि शनिवारी नेहमीसारखा चहाला आला. त्याने मला का टाकलं नाही, हे मला आजही कळलेलं नाही. मी असतो तर टाकलं असतं.

तो लायब्ररीत बसू लागला. खिडकीजवळची खुर्ची, समोर पेपर, नजर रस्त्यावर. थंडी वाढली, बर्फ पडलं, तरी मंगळवार-शुक्रवार चुकला नाही. मी त्याची यथेच्छ चेष्टा केली. ‘भुयार खणतोयस का रे तिथं?’ असंही एकदा विचारलं. डॉक्टरांचं घर तसंच चालू होतं, संक्रांतीला तिळगूळ आला होता, तोही इंदूबाईंच्याच हातचा. मी खाल्ला.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी त्या आल्या. मुलं प्लेग्रुपला, बाईसाहेब दाताच्या डॉक्टरकडे. कोट नव्हता म्हणून तीन स्वेटर एकावर एक, पायात डॉक्टरांचे जिमचे बूट, दोन मोजे घालून फिट्ट केलेले. वीस मिनिटांच्या वाटेला बर्फातून तास लागला. आत येऊन बघतात तर भालू तोंडावर पेपर घेऊन झोपलेला! त्यांनी खांदा हलवला. ‘भाऊ, उठा. मी आले.’ हा प्रसंग सांगताना भालू शेवटपर्यंत शरमायचा. सगळा हिवाळा जागा राहिलो आणि ऐन वेळी घोरत पडलो, म्हणायचा. मग त्याने आधीच शोधून ठेवलेल्या फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंना फोन केला, आणि दुपारी चारच्या आत पासपोर्ट इंदूबाईंच्या हातात होता. वकीलबाई आणि एक पोलीस दारात उभे राहिल्यावर डॉक्टरांना तो लगेच सापडला म्हणे. केस झाली, काही काळाने मिटली. डॉक्टर टेक्ससमधल्या अर्विंग शहरात गेले, तिथल्या मंडळातही आश्रयदाते झाले असतील. इंदूबाईंना रीतसर राहायची परवानगी मिळाली, नातीला बघून आल्या, आणि कोलंबसमधल्या एका शाळेच्या किचनमध्ये कामाला लागल्या. आमच्या मंडळात यावर कोणी चकार शब्द काढला नाही. माझं अध्यक्षपद एका वर्षात संपलं. समई मी लावली, फोटो आहेत.

तीन आठवड्यांपूर्वी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. भिंतीवर भालूचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो, कारण त्यानंतरचा कोणाकडे होता कुठं? एकेक वक्ता उठत होता. ‘अप्रोच राँग’वाले गृहस्थ गहिवरून म्हणाले की त्या कठीण काळात आम्ही काकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होतो. प्राध्यापकांनी आपल्या घरी झालेल्या ‘प्रदीर्घ चिंतन-बैठकीचा’ उल्लेख केला. ‘किती लळा’वाल्या बाईंनी डोळे पुसले. वरातीमागून आलेली ही घोडी बघून मला हसू आवरेना, आणि त्यांच्यातच मीही उभा आहे हे आठवून ते विरलं. माझी पाळी आली तेव्हा मी उठून चार शब्द बोललो. भालू चांगला मित्र होता, म्हणालो. बाकीचं गिळलं.

मागच्या रांगेत निळा कोट घातलेल्या, केस पिकलेल्या एक बाई बसल्या होत्या. व्यवस्था बघणाऱ्या काकू लगबगीने त्यांच्याकडे गेल्या. ‘मावशी, जरा चहाचं बघता का? माणसं खूप झालीत.’ त्यांना त्या केटररच्या वाटल्या. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि ट्रे उचलला. ‘खांद्याला खांदा’वाल्यांनी त्यांच्या हातून कप घेतला, वर न बघता. ट्रे माझ्यापाशी आला. ‘तुमचा बिनसाखरेचा,’ त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं आणि ओळखलं. पण नाव तोंडात येईना. दोन वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, भालूच्या कागदावर ते नाव वाचलं, आणि आता समोर उभ्या असताना ‘तुम्ही... तुम्ही’ करत होतो.

‘इंदू,’ त्या म्हणाल्या.

मी घाईघाईने म्हणालो, ‘तुम्ही जा ना स्टेजवर. सांगा सगळ्यांना खरं काय ते.’

‘मी कशाला? तुमच्या घरची सभा हाय, तुमीच सांगायचं ना.’ मग ट्रे टेबलावर टेकवून म्हणाल्या, ‘मला काय कुणी सोडवलं नाही भाऊ. मी चालत गेले. त्यांनी जागा सांगितली अन् ते तिथं होते. झोपलेले होते, पण होते.’ हे सांगताना त्या हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे टिपले. त्या सभेत भालूसाठी मनापासून रडलेलं पाहिलं ते सुधावहिनींना आणि त्यांनाच.

‘ते त्यानंतरबी बसायचे, ठाऊक हाय ना?’ त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. सुधावहिनींची समजूत अशी की हे पेपर वाचायला जातात. नऊ वर्षं, मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते दोन. अजून कोणी आली तर, म्हणायचे. ‘एक आली होती एकदा,’ इंदूबाई म्हणाल्या. ‘आपल्याकडची नव्हती, तिची भाषाच येईना आमाला. पर तिलाबी वकीलबाईकडं पोचवली.’ एवढं करून माझा हा मित्र शनिवारी माझ्याकडे येऊन बेकरीच्या बिस्किटांना नावं ठेवत बसायचा, आणि यातला एक शब्द त्याने मला सांगितला नाही. सांगितला असता तर मी तो मंडळात सांगितला असता, हे त्याला माहीत होतं.

‘शुक्रवारी आता मी बसते,’ त्या म्हणाल्या. ‘अर्धा दिवस सुट्टी मागून घेतली. मंगळवारला कुणी नाही.’ त्यांनी मला काही विचारलं नाही. ट्रे उचलून पुढच्या रांगेकडे गेल्या.

हे मी लायब्ररीत बसून लिहितो आहे. आज माझा तिसरा मंगळवार. खुर्ची कडक आहे, पाठ धरते, आणि साडेबाराच्या सुमारास ऊन थेट डोळ्यांवर येऊन खरोखर झोप येते, त्याबद्दल भालूची माफी मागायला हवी. पहिले दोन्ही मंगळवार कोणी आलं नाही. आज मघाशी ‘खांद्याला खांदा’वाले गृहस्थ नातवाची पुस्तकं परत करायला आले. ‘अरे, तुम्ही इथं? कोणाची वाट बघताय का?’

मी म्हणालो, ‘हो. इंदूबाई भगवान वाघ यांच्यासारख्या कोणाची तरी.’

त्यांनी मान तिरकी करून प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. ‘या कोण? आपल्यातल्या आहेत का?’

मी त्यांना समोरची खुर्ची दाखवली आणि बसा म्हणालो. त्यांना घाई होती. दोन वाजायला अजून चाळीस मिनिटं आहेत.